देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

उन्हाळ्यात माळावर चर खणायला, रविवारी सकाळी वाचनालयाच्या कपाटांतली पुस्तकं लावायला किंवा अंध विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका लिहून द्यायला जो माणूस जातो, त्याला त्याचा मोबदला मिळत नाही. त्याचा वेळ जातो, अंग दुखतं, प्रसंगी घरच्यांची बोलणीही खावी लागतात. नुसत्या पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तरीही माणसं तो पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. एखाद्याची नांगरट मागे पडली की शेजारीपाजारी आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे, ती इर्जिक. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात अशी आळीपाळीने करायची मेहनत म्हणजे सावड. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत, आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारी, त्यांच्या तुटलेल्या चपला शिवून देणारी माणसं आजही दिसतात. या सगळ्या परंपरेत घेणाऱ्याचं काय भलं झालं हे आपण आवर्जून सांगतो. देणाऱ्याच्या वाट्याला काय आलं हे विचारणं मात्र कमीपणाचं मानतो. फार तर पुण्य लागलं म्हणतो आणि विषय संपवतो. या प्रकरणात तो प्रश्न सरळ विचारायचा आहे. गेल्या काही दशकांत त्यावर बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातून रोजच्या जगण्याबद्दल काही ठोस हाती येतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या वस्तीत, आपल्या माणसांसाठी विनामोबदला केलेल्या कामाचं फळ करणाऱ्याला खरोखर मिळतं, शरीराला, मनाला आणि ओळखीपाळखीला, असं तिन्हीकडे मिळतं. पण त्याला एक अट आहे. लक्ष कामावर आणि समोरच्या माणसावर असेल तरच ते हाती लागतं. फळावरच डोळा ठेवला, तर ते आटत जातं.

सुरुवात पाहण्यांपासून करू. २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांच्या एका गटाने स्वयंसेवा आणि आरोग्य या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या अभ्यासांत तीच तीच माणसं वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवली होती, त्यांची बेरीज केली तेव्हा स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसला. अशा लोकांत नैराश्य कमी होतं आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त होतं. २०२० साली अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे १३ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास काम करणारे लोक पुढच्या चार वर्षांत अधिक तगले, अधिक हिंडतेफिरते राहिले आणि त्यांच्या मनाची उभारीही टिकली. याच अभ्यासाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, पक्षाघात अशा दुखण्यांच्या बाबतीत करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत फरक आढळला नाही. समाजसेवा म्हणजे औषध, असं कुणी सांगू लागलं तर त्याला हा निष्कर्ष दाखवावा. या कामातून जे मिळतं ते एखादा आजार बरा करणारं नसतं. माणूस उठून बाहेर पडतो, चालतो, बोलतो, उद्याचा विचार करतो. त्या चालत्याबोलत्या राहण्याचा तो लाभ असतो.

इथे चौकस वाचक पहिली हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. जो मुळात धडधाकट आहे, ज्याचं घर बरं चाललं आहे, ज्याचा स्वभाव मनमोकळा आहे, तोच अशा कामाला जातो. आजारी, खचलेला, कर्जात बुडालेला माणूस कुठून जाणार? मग सेवेमुळे माणूस सुखी होतो की सुखी माणूस सेवेला जातो? पाहणीत वय, उत्पन्न, आधीची तब्येत असे घटक बाजूला काढून हिशेब करतात, पण माणसाचा स्वभाव पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. ही गाठ सोडवायला इतिहासाने एक विलक्षण संधी दिली. बर्लिनची भिंत १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये कोसळली आणि पुढच्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाले. पूर्व जर्मनीत लोकांचं सामाजिक काम बऱ्याच अंशी सरकारी कारखान्यांशी जोडलेल्या क्रीडा मंडळांतून आणि तशाच संघटनांतून चालत असे. राज्यव्यवस्था बदलली, कारखाने बंद पडले आणि त्यांच्याबरोबर ही मंडळंही गेली. मुलांना खेळ शिकवणाऱ्या, सामने भरवणाऱ्या कितीतरी लोकांचं काम त्यांची इच्छा नसताना सुटलं. सुखी माणूस सेवेला जातो एवढंच खरं असतं, तर काम सुटल्याने त्यांच्या समाधानात फरक पडायचं कारण नव्हतं. श्टेफान मायर आणि आलोइस श्टुत्झर या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातल्या दीर्घ पाहणीची माहिती तपासली. ज्यांच्या कामात काही बदल झाला नव्हता त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा काम गमावलेल्यांचं समाधान घसरलेलं दिसलं. सत्तांतराचे हाल तर सगळ्यांच्याच वाट्याला आले होते. पण ज्यांच्या हातून हे कामही गेलं, त्यांचं आणखी काही गेलं.

याहून कडक कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणं. पश्चिम कॅनडातल्या एका सरकारी शाळेत दहावीच्या १०६ मुलामुलींवर असा प्रयोग झाला. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, जवळच्या प्राथमिक शाळेतल्या लहान मुलांबरोबर अभ्यासाला, खेळाला पाठवलं. उरलेल्यांची पाळी नंतर ठेवली. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या रक्तात शरीरातला दाह दाखवणारं एक द्रव्य आणि कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं, आणि उंचीच्या मानाने वजनही कमी होतं. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात ‘एक्सपीरियन्स कोर’ नावाच्या उपक्रमात साठी ओलांडलेली माणसं आठवड्याला सुमारे १५ तास सरकारी शाळांत मुलांना वाचायला शिकवत, ग्रंथालय सांभाळत. तिथेही चिठ्ठ्या टाकून गट केले होते. वयाबरोबर मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग आकसत जातो. तसा तो घरी राहिलेल्यांत आकसला, पण शाळेत जाणाऱ्या पुरुषांत दोन वर्षांनी किंचित वाढलेला आढळला. हे पुरावे मोलाचे आहेत, पण त्यांना ताणू नये. असे प्रयोग थोडे आहेत, त्यांतली माणसं मोजकी आहेत, आणि वर सांगितलेल्या २०१३ च्या आढाव्यातही प्रयोगांचे निष्कर्ष पाहण्यांइतके ठाम निघाले नव्हते. सगळं एकत्र धरून एवढं खात्रीने म्हणता येतं की लाभाचा काही वाटा करणाऱ्याच्या मूळ स्वभावाचा आणि परिस्थितीचा असतो, पण काही वाटा कामाचा स्वतःचा असतो.

हा वाटा येतो कुठून? पहिला झरा आहे आपली कुणाला तरी गरज असण्याचा. निवृत्तीनंतर माणसाचा पगार जातो, त्याची तयारी तो करून ठेवतो. पण सकाळी अमुक वाजता आपण पोचलो नाही तर काहीतरी अडेल, ही जाणीवही त्याच दिवशी जाते आणि तिची तरतूद कुणी केलेली नसते. मुलं परगावी, नातवंडं परदेशी, दिवसभर टीव्ही, असं जगणं शहरातल्या अनेक घरांत आहे. अशा माणसाला मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वस्तीतल्या पाच मुलांचं गणित घ्यायचं असेल, तर त्याच्या आठवड्याला पुन्हा आकार येतो. मुलं वाट पाहत असतात म्हणून तो पायऱ्या उतरतो, आदल्या रात्री उदाहरणं सोडवून पाहतो, आजारी पडला तर निरोप धाडतो. बाल्टिमोरच्या उपक्रमामागचा विचार हाच होता. म्हाताऱ्या माणसाला ‘रोज चाला’ म्हणून सांगितलं तर तो काही दिवस चालतो. मुलं वाट पाहत असतील तर वर्षभर चालतो. तरुणांच्या बाबतीतही हे तितकंच खरं आहे. नोकरी शोधत घरी बसलेल्या मुलाला स्वतःबद्दल जे वाटू लागतं ते नुसत्या उपदेशाने बदलत नाही. आपल्या हाताने काही उभं राहिलं हे डोळ्यांनी दिसावं लागतं.

दुसरा झरा ओळखींचा. याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात पाहायला मिळालं. पानी फाउंडेशनची ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि पुढच्या तीन वर्षांत पंच्याहत्तरच्या वर तालुक्यांत पोचली. ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस गावाने श्रमदान करून पाणलोटाची कामं करायची, असं तिचं स्वरूप. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातलं वेळू हे गाव पहिलं आलं. यातलं सलग समतल चराचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. डोंगराच्या उतारावर एकाच उंचीवर आडवा चर खणायचा असतो. त्यासाठी आधी समान उंचीची रेषा आखावी लागते. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधतात. काठ्यांवर मापाच्या खुणा असतात. एकाने एक काठी रोवून धरायची, दुसऱ्याने दुसरी काठी घेऊन पुढे सरकायचं आणि दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर येईपर्यंत वरखाली होत राहायचं. पाणी जुळलं की तिथे फक्की टाकायची आणि मागच्याने पुढे यायचं. रेषा पूर्ण झाली की कुदळ, पहार, फावडं, घमेलं. निघालेली माती उताराच्या बाजूला रचायची. रेषा जराशी कलली तरी पावसाचं पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडून जातं. म्हणजे दोन काठ्या धरणाऱ्या दोघांना एकमेकांचं ऐकावंच लागतं. त्या दोघांची घरं वेगवेगळ्या आळीत असोत, पक्ष वेगळे असोत, जाती वेगळ्या असोत. पाणी दोन्हीकडे एका खुणेवर येईपर्यंत कुणाला पुढे सरकता येत नाही. ‘शेजाऱ्याशी बोला’ असं सांगून जो अबोला सुटत नाही, तो अशा कामात आपोआप सैल होतो, कारण बोलण्याला विषय असतो आणि तो दोघांच्याही पलीकडचा असतो.

अशा ओळखींची किंमत वरवर दिसते त्याहून मोठी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिलं की नोकरीची बातमी माणसाला पुष्कळदा जिवलग मित्राकडून मिळत नाही, लांबच्या ओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण साधं आहे: जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं, लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातून येतो. सोसायटीच्या कचरा वर्गीकरणाच्या कामात भेटलेली नर्स, वाचनालयाच्या कार्यकारिणीतला वकील, रक्तदान शिबिरात टेबलापलीकडे बसलेला बँकेतला माणूस, ही सगळी अशी दुसऱ्या वर्तुळातली माणसं. रात्री अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली, मुलाला अभ्यासक्रम निवडायचा असला, सातबाऱ्यावरची नोंद अडली, तर कुणाला विचारायचं हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस संकटात एकटा पडत नाही. शहरात नव्याने आलेल्या कुटुंबाला हे विशेष लागू पडतं. भाड्याच्या घराला ओळखीचं वळण लागायला वर्षं जातात. गणेशोत्सवाच्या तयारीत किंवा इमारतीच्या पाण्याच्या प्रश्नात चार संध्याकाळी खपल्या तर तेच काही आठवड्यांत होतं.

तिसरा लाभ शिकण्याचा. अंध विद्यार्थ्यांच्या लेखनिकाचं काम यासाठी पाहावं. प्रश्न नीट वाचून दाखवायचा, विद्यार्थी विचार करत असताना गप्प राहायचं, तो सांगेल ते, तो सांगेल तसंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसलं तरी सुचवायचं नाही; शब्द अडला तरी भरायचा नाही. ऐकण्याची इतकी शिस्त लावणारी शाळा दुसरी क्वचितच असेल. सभेचं इतिवृत्त लिहिणं, वर्गणीचा चोख हिशेब ठेवणं, दोन भांडणाऱ्यांना एका टेबलावर बसवणं, चाळीस माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करणं, ही सगळी कसबं माणसं मंडळांत आणि शिबिरांत शिकली आहेत. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या उन्हात तरुण जे शिकतात, त्याचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही, पण हाताने काम करणाऱ्याविषयीचा आदर त्यांच्यात मुरतो. वेळेच्या बाबतीतला एक निष्कर्षही इथे सांगावासा वाटतो, कारण ‘वेळ कुठे आहे?’ हीच सर्वांत नेहमीची अडचण असते. २०१२ साली अमेरिकेत काही प्रयोग झाले. एकात काही जणांना पंधरा मिनिटं एका गरजू विद्यार्थ्याचा निबंध सुधारून द्यायला सांगितलं आणि काहींना ‘काम झालं, लवकर जा’ म्हणून सोडून दिलं. नंतर विचारलं तेव्हा, ज्यांनी वेळ दिला त्यांना आपल्यापाशी जास्त वेळ आहे असं वाटलं; ज्यांना तो फुकट मिळाला त्यांना तसं वाटलं नाही. घड्याळ दोघांचं सारखंच चाललं. पण वेळ सत्कारणी लागला की माणसाला आपल्या हातून पुष्कळ होऊ शकतं असं वाटू लागतं, आणि घाई थोडी निवते.

हे सगळं आपल्याच गावात, पेठेत, वाडीत का करायचं, असा प्रश्न येईल. लांबच्या संस्थेला देणगी पाठवणं हेही चांगलंच काम आहे, आणि गरजूच्या दृष्टीने कधी ते अधिक उपयोगीही असतं. पण वर सांगितलेले तिन्ही लाभ पुन्हा पुन्हा भेटण्यावर उभे आहेत. ज्या मुलाला वाचायला शिकवलं तो सहा महिन्यांनी रस्त्यात भेटून दुकानाची पाटी वाचून दाखवतो. ज्या टेकडीवर चर खणले तिच्या पायथ्याच्या विहिरीत दिवाळीनंतर किती पाणी आहे हे येताजाता दिसतं. कामाचं फळ नजरेसमोर असलं की माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो, आणि चूक झाली असली तर तीही दिसते. जवळच्या कामात फसवणूकही फार काळ लपत नाही: शौचालय बांधलं की नाही, पुस्तकं आली की नाही, हे गावाला कळतं.

आता त्या अटीकडे येऊ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा पूर्ण केलेल्या दहा हजारांहून अधिक मुलामुलींचं आयुष्य संशोधकांनी उतारवयापर्यंत नजरेखाली ठेवलं. त्यांना उतारवयात, स्वयंसेवा का करता, हेही विचारलं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की ‘लोकांना मदत व्हावी’, ‘माणसांत राहावं’ अशा कारणांनी काम करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. ‘मला बरं वाटावं’, ‘माझ्या अडचणी विसराव्यात’ हे मुख्य कारण असणाऱ्यांत मात्र ते काहीच न करणाऱ्यांइतकंच होतं. जर्मनीच्या अभ्यासातही पैसा आणि प्रतिष्ठेला जास्त महत्त्व देणाऱ्यांना सेवेतून कमी समाधान मिळाल्याचं आढळलं. कॅनडातल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त सुधारणा कुणात दिसली? ज्यांच्यात त्या दहा आठवड्यांत दुसऱ्याविषयीची कळकळ सर्वांत जास्त वाढली, त्यांच्यात. तीन देश, तीन वयोगट, तीन पद्धती, आणि बोट एकाच दिशेला. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. स्वतःची चिंता हा मनावरचा मोठा भार असतो. लक्ष दुसऱ्याकडे लागलं की तो तेवढ्यापुरता उतरतो. पण ‘आता मला बरं वाटतंय का?’ असं दर घटकेला तपासत राहिलं, तर लक्ष पुन्हा स्वतःकडेच वळतं आणि भार जागच्या जागी राहतो. रुजत घातलेलं बी रोज उकरून पाहिलं तर ते उगवत नाही, तसंच हे आहे.

आपल्याकडच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडे या नजरेने पाहता येईल. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली ती सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांच्या खेड्यातल्या विशेष शिबिराला जायचं, अशी तिची रचना आहे. काही विद्यापीठांत त्याचे वाढीव गुण मिळतात. गुणांसाठी आलेला मुलगा वाईट असतो असं मुळीच नाही. गुणांच्या निमित्ताने आलेला आणि कामात रमलेला मुलगाही असतो. पण तासांची वही भरणं हेच उद्दिष्ट उरलं, झाड लावण्यापेक्षा झाडाबरोबरचा फोटो महत्त्वाचा झाला, तर २४० तास जातात आणि हाती वहीच राहते. शिक्षकाने काम असं निवडावं की गावाला त्याची खरोखर गरज आहे आणि ते अर्धवट सोडलं तर कुणाची तरी अडचण होईल. खरी गरज समोर असली की मुलांचं लक्ष आपोआप वहीवरून उठतं.

किती करावं, यालाही मर्यादा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या माणसांपैकी एकाच संस्थेत किंवा वर्षाला ४० तासांपर्यंत काम करणाऱ्यांना आयुष्याचा लाभ दिसला. त्याहून जास्त पसारा मांडणाऱ्यांना तो दिसला नाही. नेमकी तासांची रेषा अभ्यासागणिक बदलते, वर आलेला १०० तासांचा आकडाही वेगळाच आहे. पण पाच संस्थांच्या कार्यकारिणीवर नाव, प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणं आणि घरी सतत चिडचिड, अशा सेवेने ना संस्थेचं भलं होतं ना माणसाचं. एक काम धरावं, ते नेमाने करावं, आणि नाही म्हणायलाही शिकावं.

दुसरी हरकत नैतिक आहे. देणाऱ्याला लाभ होतो हे सांगितलं की सेवेचं पावित्र्य जातं, तो छुपा स्वार्थच झाला, असं काहींना वाटतं. पण लाभ होणं आणि लाभासाठी करणं यांत फरक आहे, आणि वरचे निष्कर्ष तोच फरक आकड्यांत दाखवतात. आई मुलाला वाढवताना तिलाही आनंद मिळतो; म्हणून तिचं प्रेम खोटं ठरत नाही. उलट देणाऱ्याचा सगळा जीव पिळून निघाला पाहिजे तरच ती सेवा खरी, हा समज घातक आहे. त्यातून दोन गोष्टी होतात. कार्यकर्ता थकला तरी बोलत नाही आणि एक दिवस मोडून पडतो; आणि सामान्य माणूस म्हणतो, असा त्याग आपल्याला झेपणार नाही, आणि दोन तासही देत नाही. देण्यात देणाऱ्याचंही बरं होतं हे माहीत असलं, तर घेणाऱ्याची मानही ताठ राहते. आपण उपकाराखाली दबलेलो नाही, दोघांचंही काही भलं होतंय, हे त्याला कळतं.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. ज्याच्याकडे वेळ आणि पोटाची सोय आहे त्यानेच ही समाधानं मिळवावीत. ज्या बाईचा दिवस पाणी, चूल, म्हातारी सासू आणि मजुरी यांत जातो तिला आणखी ‘सेवा’ सांगणं हा अन्याय नाही का? श्रमदानाबद्दल तर प्रश्न आणखी टोकदार आहे. चर भूमिहीन मजुराने खणायचे आणि विहिरीला आलेलं पाणी जमीनवाल्याच्या उसाला जायचं, तर ते दान कुणाचं आणि कुणाला? ही हरकत खोडून काढायची नाही, मान्य करायची आहे. घरातली न मोजलेली मेहनत ही ऐच्छिक नसते, म्हणून वर सांगितलेले लाभ तिला आपोआप लागू होत नाहीत. तिथे आधी घरातल्या इतरांनी कामाचा वाटा उचलायला हवा. पाण्याच्या बाबतीत उत्तर महाराष्ट्रानेच शोधून ठेवलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीची कल्पना उभी केली. तिच्यात पाण्याचा हक्क जमिनीवर न मोजता घरातल्या माणसांवर मोजला, भूमिहीनालाही त्यात वाटा दिला आणि उसासारख्या पिकाला ते पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. सामूहिक कष्टांचं फळ आधी न्यायाने वाटून घेतलं, तरच त्या कष्टांतून जिव्हाळा वाढतो. नाहीतर तीच वेठ होते, आणि वेठीतून कुणालाही समाधान मिळालेलं नाही.

याच्याच शेजारी चौथी हरकत आहे: लोकांनी फुकट कामं केली की सरकार अंग काढून घेतं. हा धोका खरा आहे. आरोग्यव्यवस्थेचा पाया असलेल्या आशा कार्यकर्त्या पूर्णवेळ म्हणावं इतकं काम करतात, पण त्यांना स्वयंसेविका मानून मानधनावर ठेवलं जातं. त्याविरुद्ध त्यांना वारंवार आंदोलनं करावी लागली आहेत. जे काम रोज, ठरल्या वेळी, जबाबदारीने झालंच पाहिजे, त्याला पगार हवा. शेजाऱ्याच्या मायेवर दवाखाना चालवता येत नाही. पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्या गावाने स्वतः नाला मोजला आहे, त्यालाच सरकारी बंधाऱ्याचं अंदाजपत्रक वाचता येतं. ज्या पालकांनी शाळेत वाचनाचे तास घेतले आहेत, त्यांनाच शिक्षकाची रिकामी जागा डोळ्यात खुपते आणि ते पंचायत समितीत जाऊन विचारतात. हाताने काम केलेला नागरिक हक्क मागायला कचरत नाही. त्याची मागणी नेमकी असते, म्हणून ती टाळणं अवघड जातं. हाही एक लाभच आहे, आणि लोकशाहीत तो लहान नाही.

तेव्हा ज्याला हे करायचं आहे त्याने निवड कशी करावी? घरापासून पायी जाता येईल असं ठिकाण पाहावं, कारण लांबचं काम पहिल्या पावसातच सुटतं. गरज तिथल्या माणसांना विचारून ठरवावी. आपल्याला काय द्यायला आवडेल यावरून ठरवू नये. आठवड्याचा एक वार आणि एक वेळ बांधून घ्यावी, आणि ती पाळणं शक्य नसेल तर आधी सांगावं. जिथे फक्त नाव लागतं आणि भाषण करायचं असतं असं पद सुरुवातीला तरी टाळावं; जिथे कुणाचा तरी चेहरा समोर असतो असं काम धरावं. पहिले दोन-तीन महिने काही विशेष वाटणार नाही, कधी कंटाळाही येईल, कारण ओळखी आणि कसब दोन्ही सावकाश जमतात. त्या काळात आपल्याला काय मिळालं याचा हिशेब मांडू नये. समोरच्या मुलाला जोडाक्षरं येऊ लागली का, नालीतलं पाणी वाहतं झालं का, एवढंच पाहावं. स्वतःचा हिशेब विसरायला लावणारं काम हेच या बाबतीत स्वतःच्या हिताचं काम आहे. पुरावा तेच सांगतो, आणि नेमाने काम करणारी माणसं पुराव्याच्या आधीपासून तसंच वागत आली आहेत.